लहान मुलांना घेऊन छोट्या गावात राहायला जायचंय? गाव कसं निवडायचं

जानेवारीतल्या एका संध्याकाळी सावंतवाडीला मोती तलावाच्या काठावर बसून आम्ही जवळजवळ ठरवून टाकलं होतं. मुलगी तेव्हा साडेपाच वर्षांची, मुलगा दोनचा. पुण्यातल्या भाड्यात तिथे अंगणासकट घर मिळत होतं, हवा छान होती, माणसं बोलकी होती. नवरा म्हणाला, "पावसाळ्यात एकदा येऊन जाऊ, मग बघू." जुलैत आठवडाभर राहिलो. कपडे चार-चार दिवस वाळेनात, भिंतींना बुरशी आली आणि मुलाची छाती तिसऱ्या रात्री घरघरायला लागली. त्याला बालदमा आहे. सावंतवाडी वाईट नाही, आजही मला ते गाव फार आवडतं. पण आमच्या मुलाच्या फुप्फुसांसाठी ते नव्हतं, आणि हे जानेवारीत कळणं शक्यच नव्हतं.

पुढच्या वर्षभरात वाई, चिपळूण, कराड, फलटण अशी गावं पाहिली आणि शेवटी फलटणला आलो. उन्हाळ्यात चाळिशी गाठणारं, पर्जन्यछायेतलं, डोंगर-समुद्र काहीही नसलेलं गाव. नातेवाइकांना नवल वाटलं. आम्ही गाव निवडलं ते तिथला सगळ्यात वाईट दिवस कसा जाईल हे बघून. चांगले दिवस कुठेही चांगलेच जातात. त्या वर्षात जे शिकलो, ते क्रमानं मांडते.

आधी घरातल्या अटी लिहून काढा

गावांची यादी करायच्या आधी स्वतःच्या घराची यादी करा. मुलांची वयं, त्यांची दुखणी, कोणाचं काम कुठून चालतं, आजी-आजोबा कुठे आहेत, महिन्याला किती पैसे नक्की येणार आहेत. मग त्यातल्या तीनच अटी "यावर तडजोड नाही" म्हणून वेगळ्या काढा. आमच्या तीन होत्या: रात्री पोचता येईल असा बालरोगतज्ज्ञ, कोरडी हवा आणि पुण्याहून दिवसात जाऊन-येऊन करता येईल इतकं अंतर. बाकी सगळं, अगदी अंगणसुद्धा, दुसऱ्या यादीत गेलं. दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर लिहा आणि मग ताडून बघा. आमच्या कागदांवर पहिल्या फेरीत फक्त एक अट सारखी निघाली. त्या रात्री जे बोलणं झालं, ते घर हलवल्यावर झालं असतं तर फार महागात पडलं असतं.

रात्री दोनला ताप चढला तर

यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तुम्हीही घालवा. गावात "डॉक्टर भरपूर आहेत" असं सगळेच सांगतात. प्रश्न असा विचारायचा: लहान मुलाला फिट आली, दम लागला, नाकात शेंगदाणा अडकला, तर रात्री तुम्ही नेमकं कुठे जाता? हा प्रश्न मेडिकल दुकानात विचारा, अंगणवाडीताईंना विचारा, तीन-चार वर्षांचं मूल असलेल्या आयांना विचारा. चार जणींनी एकच नाव घेतलं तर तो खरा दवाखाना. चौघींनी चार नावं घेतली आणि शेवटी "पण फारच झालं तर आम्ही साताऱ्याला नेतो" म्हणाल्या, तर तुमचा दवाखाना साताऱ्याला आहे असं धरून चाला.

मग ते अंतर स्वतः गाडीनं कापून बघा, अंधारात. नकाशावरच्या किलोमीटरला घाटात अर्थ नसतो. सावंतवाडी-कुडाळकडची माणसं गंभीर दुखण्याला गोव्यात बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला जातात, हे तिथे कुणीही सांगेल. चिपळूणला सावर्ड्याजवळ डेरवणचं वालावलकर रुग्णालय आहे. कराडला कृष्णा रुग्णालय गावातच. फलटणहून तीसेक किलोमीटरवर बारामतीचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय, आणि रस्ता सपाट. विदर्भात वर्ध्याजवळ सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, मराठवाड्यात अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय. मोठ्या शहरात नसलेली अशी रुग्णालयं आपल्याकडे थोडीच आहेत. ज्या छोट्या गावाच्या तासाभराच्या टापूत असं एखादं आहे, त्याला माझ्या हिशेबात दहा गुण जास्त.

सरकारी यंत्रणाही नीट समजून घ्या, कारण साप-विंचवाच्या वेळी तीच धावून येते. प्राथमिक आरोग्य केंद्र, त्यावर ग्रामीण रुग्णालय, त्यावर उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालय. ग्रामीण रुग्णालयात जाऊन सरळ विचारा की सर्पदंशाची लस आत्ता शिल्लक आहे का आणि रात्री ड्युटीवर डॉक्टर असतात का. कोकणात फुरसं आणि लाल विंचू, घाटावर नाग, घोणस, मण्यार. मण्यार रात्री झोपेत चावते आणि खूण जवळजवळ दिसत नाही, म्हणून मुलांना जमिनीवर झोपवू नका. खाटेवर, गादीखाली खोचलेल्या मच्छरदाणीत झोपवा. विंचवाच्या दंशावर प्राझोसिन देऊन मुलांचे जीव वाचवण्याचं काम डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी महाडमध्ये राहून केलं. छोट्या गावातला एक चांगला डॉक्टर काय करू शकतो याचं यापेक्षा मोठं उदाहरण माझ्यापाशी नाही.

१०८ ची रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून आहे. ती तुमच्या भागात कुठे उभी असते आणि यायला किती वेळ लागतो, हे शेजाऱ्यांकडून कळतं. आणि मुलाचं दुखणं जुनं असेल तर तिथल्या बालरोगतज्ज्ञांना हलायच्या आधीच फाइल घेऊन भेटा. फी भरून भेटा, घाईत नाही. आमच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत नेब्युलायझर घरी ठेवायला सांगितलं आणि ऊस गाळपाच्या दिवसांत काय जपायचं ते समजावलं. गाव ठरण्यात त्या अर्ध्या तासाचा वाटा मोठा होता.

नळाला पाणी कधी येतं, आणि कसलं

"पाण्याचा प्रॉब्लेम नाही" हे उत्तर ऐकून घ्या आणि बाजूला ठेवा. एप्रिल-मे महिन्यात दिवसाआड येतं, चार दिवसांनी येतं की आठवड्यानं, हे विचारा. घरमालकाच्या टाकीचा आकार बघा. दारात पाच हजार लिटरची टाकी आणि शिवाय पिंपं भरून ठेवलेली दिसली, की काही विचारायची गरज उरत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं होतं. गावाचा पाण्याचा स्रोत कोणता, धरण, नदी, कालवा की बोअर, हे नगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागात विचारलं की सांगतात. कालव्यावर अवलंबून असलेल्या गावांत दोन आवर्तनांच्या, म्हणजे कालव्याला पाणी सुटण्याच्या दोन पाळ्यांच्या, मधल्या काळात साठवण तलाव पुरतो का, हाच खरा प्रश्न असतो.

घरात बोअरचं पाणी पिणार असाल तर तपासून घ्याच. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांत पाणी तपासून मिळतं. अहवालात मुलांसाठी दोन आकडे आधी बघा. फ्लोराइड लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या आत हवं. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवतात. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही भागांत ते जास्त आहे आणि लहानपणी असं पाणी प्यायलं की पक्के दात डागाळलेलेच येतात. दुसरा आकडा नायट्रेटचा, मर्यादा ४५ मिलिग्रॅम. उसाच्या, भरपूर खत घातलेल्या पट्ट्यात हा वाढलेला सापडतो आणि वरचं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला तो धोक्याचा. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्यानं त्याचं प्रमाण वाढतं. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून इथे मुद्दाम लिहिते.

शाळा: फलक वाचू नका, वर्गात बसा

छोट्या गावात शाळांचे पर्याय कमी असतात असा समज घेऊन आम्ही निघालो होतो. प्रत्यक्षात जिल्हा परिषदेची, नगरपालिकेची, रयत किंवा तशाच जुन्या संस्थेची, खाजगी सेमी इंग्रजी आणि इंग्रजी माध्यमाची अशा पाच-सहा शाळा बऱ्याच तालुक्याच्या गावांत असतात. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी उभी केलेली प्रगत शिक्षण संस्था आणि तिचं कमला निंबकर बालभवन आहे. मराठी माध्यमात वाचन-लेखन किती चांगलं शिकवता येतं याचा अभ्यास करायला लांबून शिक्षक तिथे येतात. कोल्हापूरला लीलाताई पाटलांची सृजन आनंद, सेवाग्रामला आनंद निकेतन. अशी एखादी शाळा गावाभोवती पालकांचाही एक गोतावळा तयार करते. बाहेरून आलेल्या कुटुंबाला तो गोतावळा फार उपयोगी पडतो.

पण नावाजलेली शाळा नसेल तरी गाव बाद करू नका. जिल्हा परिषदेच्या शाळेचा सगळा जीव शिक्षकांत असतो. पटसंख्या साठपर्यंत असेल तर कायद्यानं दोन शिक्षक मिळतात, म्हणजे चार इयत्ता दोघांत. द्विशिक्षकी शाळा वाईटच असते असं नाही. पण त्यातल्या एकाची बदली झाली की शाळा बदलते. म्हणून मुख्याध्यापकांना विचारा की सध्याचे शिक्षक किती वर्षं इथे आहेत. मग परवानगी घेऊन पहिलीच्या वर्गात मागे तासभर बसा. मुलं बाईंना प्रश्न विचारतात का, वर्गातली पुस्तकं हाताळून मऊ झालेली आहेत की कपाटात कुलूपबंद, मधल्या सुट्टीत मुली मैदानावर दिसतात की नाही, मुतारीत पाणी आहे का. एवढ्यावर कळतं. एका गावातल्या खाजगी शाळेत आम्हाला आधी देणगीचा आकडा सांगितला गेला आणि वर्ग दाखवायला मात्र नकार मिळाला. त्या गावाचा विचार आम्ही तिथेच सोडला.

पहिलीला वय ६ पूर्ण लागतं, ३१ डिसेंबरची तारीख धरून. मुलीला मध्येच हलवलंत तर शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे जुन्या शाळेनं दाखला लगेच द्यायला हवा, आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून नव्या सरकारी वा अनुदानित शाळेला प्रवेश अडवता येत नाही. शक्य असेल तर मे महिन्यात हला आणि जूनमध्ये सगळ्यांबरोबर शाळा सुरू होऊ दे. वर्षाच्या मध्ये आलेल्या मुलाला मैत्र जमवायला फार वेळ लागतो.

वाईट महिन्यात आठ दिवस

दोन गावं शिल्लक राहिली की तिथे राहायला जा. हॉटेलात नको. एखादी खोली भाड्यानं घ्या, स्वयंपाक तिथेच करा, भाजी बाजारातून आणा. आणि त्या गावाचा वाईट महिना निवडा. कोकणात जुलै. चंद्रपूर, अकोला, जळगावकडे मे, जेव्हा पारा ४५ च्या पुढे जातो आणि मुलं अकरा ते पाच घरात कोंडलेली असतात. वाईला दिवाळीची सुट्टी किंवा डिसेंबरची अखेर, कारण पाचगणी-महाबळेश्वरची सगळी गर्दी तिथूनच पसरणीच्या घाटात चढते.

साखर पट्ट्यात गळीत हंगामात जा, साधारण नोव्हेंबर ते मार्च. कारखान्याच्या वाऱ्याच्या दिशेला घर असेल तर मळीचा वास घरभर येतो. रात्री पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं, पेटवतात, सकाळी काजळी गॅलरीत. रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मागे रिफ्लेक्टर असेलच असं नाही. फलटणला आम्ही जानेवारीत राहिलो ते याचसाठी. मुलाची छाती पहिले दोन दिवस कुरकुरली, मग शांत झाली, आणि आम्ही कारखान्यापासून लांबच्या बाजूला घर शोधायचं ठरवलं. आठ दिवसांची खोली महाग वाटली होती. पण सामान दोनदा हलवण्यापेक्षा ती फारच स्वस्त पडली.

रात्री एकदा बाहेर उभं राहून ऐका. स्पीकर, कुत्र्यांच्या टोळ्या, हायवे.

काम, लाईट, नेट

घरून काम करणाऱ्यांनी घर बघायला जाताना लॅपटॉप न्यावा आणि तिथूनच एक खरी मीटिंग करावी. फायबर "येतंय" म्हणजे आलेलं नाही. शेजारच्या घरात चालू असेल तरच आहे. वस्तीवरचं, मळ्यातलं घर असेल तर ते गावठाणाच्या फीडरवर, म्हणजे वीजवाहिनीवर, आहे की शेतीच्या, हे वायरमनला विचारा. शेतीच्या फीडरवर थ्री फेज लाईट ठरावीक तासच असते. इन्व्हर्टर धरूनच खर्च काढा. एका पालकाला शहरात जावं लागणार असेल तर एसटीची पहिली आणि शेवटची गाडी स्टँडवर जाऊन बघा. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत निम्मं तिकीट आहे. माझ्या पुण्याच्या फेऱ्यांचा हिशेब त्यानं पार बदलला.

घर: पहिलं वर्ष भाड्यानंच

विकत घेऊ नका. कितीही स्वस्त मिळो. वर्षभरात गल्ली कळते, शेजार कळतो, आणि मुख्य म्हणजे तुमचं तिथे जमतं का ते कळतं. अकरा महिन्यांचा करार नोंदणीकृत करा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानं तो लेखी आणि नोंदवलेलाच हवा. छोट्या गावात "कशाला, विश्वास नाही का?" असं म्हणतात. हसून सांगा की गॅस, आधार, शाळा सगळीकडे पत्ता लागतो. ते खरंही आहे.

नदीकाठच्या गावात घर बघताना पूररेषा विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नकाशे नगरपालिकेत आणि जलसंपदा विभागाकडे असतात. चिपळूणमध्ये २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शिरलं, त्याआधी २००५ मध्येही शिरलं होतं. सोळा वर्षांत दोन मोठे पूर, म्हणजे "शंभर वर्षांतून" हे शब्द ऐकून निश्चिंत होता येत नाही. आम्ही पाहिलेल्या एका तळमजल्याच्या घरात रंग नवा होता, पण जिन्याखाली न रंगवलेल्या भिंतीवर माझ्या खांद्याच्या वर चिखलाची रेघ तशीच होती. घरमालकाच्या आजींना विचारलं तेव्हा त्यांनी हात वर करून दाखवलं, "इथवर, बाळा." नदीकाठी चिपळूण, महाड, सांगली कुठेही जा, पण वरचा मजला आणि उंचावरची गल्ली बघा.

पुढे विकत घ्यायचं मनात असेल तर आत्ताच माहीत असू द्या की शेतजमीन घ्यायला तुम्ही स्वतः शेतकरी असल्याचा पुरावा लागतो. "गुंठ्यात देतो, नंतर एनए (बिगरशेती) होईल" या बोलण्यावर एक रुपयाही देऊ नका.

मूल एकटं कुठवर जाईल

शहर सोडायचं आमचं सगळ्यात मोठं कारण हेच होतं. पुण्यात मुलगी लिफ्टनं खालीसुद्धा एकटी जात नव्हती. म्हणून प्रत्येक घर बघून झालं की आम्ही तिच्या हाताला धरून तिथून चालायला लागायचो: किराणा दुकान, शाळा, वाचनालय, मैदान, एखाद्या मैत्रिणीचं घर. किती रस्ते ओलांडावे लागतात, गटार उघडं आहे का, विहिरीला कठडा आहे का, कुत्री कुठे बसतात. सात वर्षांचं मूल यातल्या दोन ठिकाणी एकटं जाऊ शकेल, असं वाटलं तरच घर यादीत राहायचं. गावाबाहेरचे सुंदर बंगले या एका चाचणीत बाद झाले, कारण तिथून प्रत्येक गोष्टीला गाडी काढावी लागते आणि आईचा दिवस पुन्हा ड्रायव्हिंगमध्ये जातो. तालुक्याच्या गावात मधल्या आळीतलं जुनं, थोडं अंधारं घर मुलांना जास्त मोकळीक देतं.

माणसांकडेही बघा. तुमची जात, खाणं, आडनाव घरमालक किती बारकाईनं विचारतात? थोडी चौकशी सगळीकडे होते. पण विचारण्याच्या सुरावरून तुमची मुलं कोणाच्या घरात मोकळेपणानं जेवतील आणि कोणाच्या नाही, ते समजतं. हा मुद्दा संकोचापोटी टाळू नका.

हलल्यावर पहिले तीन महिने

लसीकरणाचं कार्ड, जन्मदाखले, आधार, जुन्या डॉक्टरांची फाइल एका पिशवीत, आणि ती पिशवी टेम्पोत नाही, हातात. दीड-दोन वर्षांचे डोस आणि पाच वर्षांचा बूस्टर हलण्याच्या गडबडीत हमखास राहतात. जवळच्या उपकेंद्रात लसीकरणाचा वार कोणता ते पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या. लस तिथे मोफत आहे. धाकटा सहाच्या आतला असेल तर अंगणवाडीत नाव घाला, खाऊसाठी नाही तर ओळखींसाठी. आम्हाला गावातल्या पहिल्या चार ओळखी अंगणवाडीताईंनीच करून दिल्या.

मुलं रडतील. आमची मुलगी महिनाभर जुन्या सोसायटीतल्या मैत्रिणीचं नाव घेऊन झोपायची. तिला रोज रात्री फोन लावून द्यायचो, आणि दुसऱ्या महिन्यात तिनेच एकदा "आज नको, मी दमले" म्हणून सांगितलं. आजी-आजोबांची पहिली भेट घर लागल्यावर लगेच ठेवा. मुलांना त्यांच्या तोंडून "छान आहे गं घर" ऐकायचं असतं.

आणि गावाच्या मोठ्या दिवशी गावाबरोबर रहा. आमच्या पहिल्याच आषाढात ज्ञानेश्वर महाराजांची पालखी फलटणला मुक्कामाला आली. वरच्या घरातल्या काकूंनी आदल्या दिवशी विचारलं, "तुमच्याकडे किती वारकरी जेवायला सांगू?" मी घाबरत दहा म्हटलं. आले अठरा. भाकरी थापायला गल्लीतल्या तिघी न बोलावता आल्या, मुलगी ओट्यावर बसून पाण्याचे तांबे भरत होती, आणि धाकटा एका म्हाताऱ्या माळकऱ्याच्या मांडीवर झोपून गेला होता.